पाणी कमी पडलं तर कोणाचं तोडायचं? पांझराकाठचा फड

लहानपणी मामाच्या गावी गेलो की एक गोष्ट मला कधीच कळायची नाही. आजोबांची जमीन काही फार नव्हती, चारेक एकर असेल, पण ती चार ठिकाणी. एक तुकडा बंधाऱ्याच्या अंगाला, एक मारुतीच्या मागे, एक पाटाच्या पलीकडे आणि एक पार शिवेला. दुपारी भाकरी पोचवायची म्हटलं की आजी आधी चिडायची, म्हातारा आज कुठल्या वावरात आहे ते कोणाला तरी विचारावं लागायचं. मला वाटायचं भाऊबंदकीत वाटण्या होऊन होऊन असं झालं असणार, शाळेच्या भूगोलात पण तेच लिहिलेलं होतं ना, जमिनीचं तुकडीकरण हा भारतीय शेतीचा मोठा प्रॉब्लेम, परीक्षेत दोन मार्काला यायचा. खूप नंतर, म्हणजे आजोबा गेल्यावर, कळलं की ते तुकडे चुकून पडलेले नव्हतेच. ते मुद्दाम तसे होते. तो आमच्या घरचा दुष्काळाचा विमा होता असं म्हटलं तरी चालेल.

ह्या सगळ्या व्यवस्थेला आमच्याकडे, म्हणजे धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठाला, फड म्हणतात, फड पद्धत किंवा फड बागायत. पुण्या-कोल्हापूरकडच्या मित्रांना फड म्हटलं की तमाशाचा आठवतो नाहीतर कुस्तीचा, फार तर उसाचा. उसाचा फड जवळचा आहे, पण तेवढंच नाही. फड म्हणजे पाटाखालच्या जमिनीचा एक मोठा सलग तुकडा, ज्यात बऱ्याच जणांची शेतं असतात पण पीक एकच असतं, आणि ते पीक शेताचा मालक ठरवत नाही, गाव ठरवतं. इथेच आजच्या माणसाच्या कपाळाला आठी पडते, माझ्या पण पडली होती. माझी जमीन आणि पीक गाव ठरवणार म्हणजे काय? थांबा जरा, सांगतो.

आधी नदी बघू. पांझरा पिंपळनेरच्या वरच्या सह्याद्रीच्या डोंगरातून निघते, साक्री तालुक्यातून पूर्वेला येते, साक्रीजवळ कान नदी तिला मिळते, मग धुळे शहराच्या मधून जाते आणि पुढे उत्तरेला वळून मुडावदला तापीला मिळते, तिथे संगमावर कपिलेश्वराचं देऊळ आहे. आता गंमत अशी की हिच्या वरच्या टोकाला डोंगर असल्यामुळे पाऊस चांगला, आणि खाली साक्री सोडून धुळ्याकडे यायला लागलं की पर्जन्यछाया, ढग नुसते येऊन बघून जातात. म्हणजे पाऊस पडतो एकीकडे आणि चांगली काळी जमीन आहे दुसरीकडे. मोसम आणि आरम ह्या बागलाणातल्या नद्यांचं पण तसंच, म्हणून फड ह्या तिन्ही नद्यांवर दिसतात, म्हणजे धुळे आणि नाशिक अशा दोन जिल्ह्यांत. ही पद्धत तीनशे-चारशे वर्षं जुनी मानतात.

बंधारा म्हणजे धरण नाही हे पहिलं डोक्यात घ्या, कारण इथेच लोकांची गफलत होते. धरण पाणी साठवतं. बंधारा पाणी साठवत नाही, तो फक्त नदीचं पाणी थोडं उचलून बाजूला वळवतो. नदीच्या पात्रात जिथे खाली पक्का खडक लागतो तिथे दगड-चुन्याची भिंत आडवी घालायची, फार उंच नाही, पाणी तटून पाटाच्या तोंडापर्यंत चढलं की झालं, उरलेलं भिंतीवरून पुढच्या गावाला. पुराचं पाणी पण वरूनच जातं. पाटातून पाणी ढाळाने चालतं, ना मोटर ना वीज ना मोट. पाटातून फडाकडे जाणाऱ्या त्या चाऱ्या, चारीतून वावरापर्यंत येतात ते सारंग, आणि पाटात पाणी जास्त झालं तर ते परत नदीत सोडायला जी वाट ठेवलेली असते तिला सांडम म्हणतात. एका बंधाऱ्याखाली जेवढी जमीन भिजते ते त्याचं थळ. सातबाऱ्याच्या जुन्या भाषेत पाटस्थळ आणि मोटस्थळ असे शब्द असतात बघा, पाटस्थळ म्हणजे ही पाटावरची बागायत.

आणि अशी भिंत एकाच गावाला नाही, नदीवर एकाखाली एक बंधारे आहेत. वरच्या गावाने वळवलेलं पाणी सगळं काही पिकं पीत नाहीत, बरंचसं जमिनीत मुरतं आणि झिरपत झिरपत परत नदीला येतं, तेच खालचा बंधारा पकडतो. तेच पाणी दोन-तीन गावं वापरतात.

आता मुख्य हिशेब. आकडे माझे आहेत, सोपं जावं म्हणून घेतलेत. समजा एका थळात २०० एकर जमीन आहे आणि तिचे चार फड पाडलेत, प्रत्येकी ५० एकर. गावात खातेदार ५०, प्रत्येकाची जमीन चार एकर. जर प्रत्येकाची चार एकर एकाच जागी असती, तर एका फडात बारा-तेरा घरं बसली असती, हो ना? आता दुष्काळ पडला, पाणी फक्त ५० एकरापुरतं आहे. म्हणजे बारा-तेरा घरं पिकवणार आणि बाकीची सदतीस-अडतीस घरं त्यांच्या हिरव्या वावराकडे बघत बसणार. आणि ती बारा-तेरा कोणती हे पण ठरलेलं, ज्यांचं वावर पाटाच्या तोंडाशी ते. हे कल्पनेतलं नाही, आज कुठल्याही मोठ्या कॅनॉलवर जाऊन बघा, मुखाला ऊस आणि शेपटाला कोरडी चारी, त्यात बाभळी उगवलेल्या.

फडात काय केलंय, की प्रत्येक घराची जमीन चारही फडांत थोडी थोडी आहे. एक एकर इथे, एक एकर तिथे. आता पाणी ५० एकरापुरतं आहे तर गाव बसून ठरवतं की यंदा एकच फड भिजवायचा. त्या फडात पन्नासही घरांचं एक-एक एकर आहे. सगळ्यांचं एक एकर पिकलं, सगळ्यांचं तीन एकर पडलं. पाणी दोन फडांपुरतं असेल तर सगळ्यांचे दोन. कोणी पूर्ण बुडालं नाही आणि कोणी एकटा सुटला पण नाही. पाणी वाटायच्या पद्धती जगात खूप असतील, पण ही पद्धत मुळात पाण्याचा तुटवडा वाटून घ्यायची आहे, पाणी भरपूर असतं तेव्हा काय हो, कुठलीही पद्धत चालते. आजोबा त्यांच्या अहिराणीत एवढंच म्हणायचे, "बठ्ठास्नं जे व्हई ते आपलं व्हई." सगळ्यांचं जे होईल ते आपलं होईल. मला तेव्हा ते नशिबावर हवाला ठेवून बसणं वाटायचं, ते खरं तर गणित होतं.

हां, आणि ह्याला समानता समजू नका. ज्याची आठ एकर त्याची दर फडात दोन, त्याचं दोन एकर पिकणार. थळात जमीनच नाही त्याला पाण्यात काही वाटा नाही, कारण हक्क माणसाला नाही तर जमिनीला चिकटलेला आहे. भूमिहीन घरांना फडाच्या बैठकीत आवाज नव्हता, आणि बायकांना तर नव्हताच, जमीन नावावर असेल तर ना. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण फडावर लिहिणारे कधी कधी असं रंगवतात की जणू रामराज्य होतं. खातेदारांमध्ये न्याय होता, एवढंच म्हणेन.

मग एकच पीक का? आमच्या एका बागायतदार मित्राने हेच विचारलं होतं, पाणी वाटा पण पीक तरी ज्याचं त्याला करू द्या ना. त्याचं उत्तर पाण्याच्या वेळापत्रकात आहे. उसाला वर्षभर पाणी लागतं, गव्हाला ठराविक पाळ्या, बाजरीला एखादं. आता एका चारीवर कोणी दोन एकर ऊस लावला, शेजारी हरभरा, पलीकडे बाजरी, तर त्या दोन एकर उसासाठी भर उन्हाळ्यात किलोमीटरभर चारी भिजवत न्यावी लागेल, मातीची चारी, अर्धं पाणी तीच पिणार. शिवाय शेजारच्या हरभऱ्यात झिरपून त्याचं वाटोळं, आणि मग भांडणं. त्यापेक्षा सगळा ऊस एका फडात, गहू एका फडात, म्हणजे ज्या फडाची पाळी तेवढीच चारी चालू, बाकीच्या बंद. ऊस पण दरवेळी त्याच फडात नाही, तो निघाला की फड बदलायचा. एकाच जमिनीला वर्षानुवर्षं पाणी पाजत राहिलं की ती खारवट होते, चोपण होते, हे ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. फड फिरवला की जमिनीला विसावा मिळतो. ही सगळी अक्कल कुठल्याही कृषी विद्यापीठाच्या आधीची आहे.

राखणीचा पण फायदा. पन्नास एकर सलग गहू असेल तर त्याला एक माणूस पुरतो. ह्या माणसाला जागल्या म्हणतात, गुरं घुसू न देणं, चोरी होऊ न देणं हे त्याचं काम. पण फडाचा खरा हिरो माझ्या मते पाटकरी. सगळ्यांच्या वावरात पाणी देतो तो पाटकरी, मालक नाही. मालकाने चारीला हात लावायचा नाही, दारं धरायचं नाही, रात्री हळूच फोडायचं तर बिलकुल नाही. पाटकरी एका टोकाने सुरू करतो आणि एकेक वावर भिजवत जातो, पाटलाचं असो की विधवेचं. मालक लग्नाला गेला असेल तरी त्याचं शेत भिजतं. त्याच्या वर हवालदार, जो पाटाकडे बघतो, आणि ह्या सगळ्यांवर गावातले पंच. पूर्वी ह्यांना पगार पैशात नव्हता, खळ्यावर धान्य मिळायचं, पेंढ्या मिळायच्या. म्हणजे पीक आलं तर पगार. पाटकऱ्याने कामात कुचराई केली तर त्याचंच मेहनताण्याचं धान्य कमी, त्यामुळे वरून कोणी साहेब लक्ष ठेवायची गरजच नाही.

आजकाल हे आठवलं की मला रात्रीच्या थ्री फेजची आठवण येते. आता प्रत्येकाची विहीर, प्रत्येकाची मोटर, आणि लाईट रात्री बाराला येते, मग प्रत्येक घरातला एक माणूस बॅटरी घेऊन थंडीत वावरात, बिबट्याची धास्ती वेगळीच. पन्नास घरांचे पन्नास पाटकरी झालेत.

पाटाचा गाळ काढणं, बंधाऱ्याची फट बुजवणं, चाऱ्या नीट करणं ही कामं खातेदारच करायचे, ज्याची जेवढी जमीन तेवढी माणसं किंवा तेवढी वर्गणी. आला नाही त्याला दंड. खानदेशात शेतीचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बदलतं, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या गड्याचं, साल पण आखाजीलाच ठरतं, बाहेर पोरी झोक्यावर गाणी म्हणतायत आणि आत म्हातारे हिशेबाला बसलेत हे चित्र मी स्वतः बघितलंय. कुठल्या फडाला काय लावायचं हे मात्र नदी बघून ठरायचं. पावसाळा सरला की बंधाऱ्यावर जाऊन धार बघायची, म्हातारे लोक दगड दाखवून सांगायचे की अमक्या दिवसात पाणी ह्या दगडाच्या खाली गेलं म्हणजे यंदा दोनच फड. ना मीटर ना क्युसेक.

ह्यात एक मोठं नाव पण येतं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, ज्यांच्या वाढदिवसाला आपण इंजिनिअर डे करतो. ते १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले, तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे, आणि त्यांचं सुरुवातीचं काम कुठलं तर आमच्या साक्री तालुक्यात दातर्तीला पांझरेवर पाइपचा सायफन बांधायचं. पुढे ह्याच माणसाने नीरेच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत मांडली, म्हणजे उसाला वाट्टेल तिथे पाणी न देता ठराविक ब्लॉक पाडायचे आणि त्यात पिकांची पाळी लावायची. आता फडात आणि ह्यात साम्य आहे की नाही तुम्हीच बघा, मला तर फडच दिसतो. पण एक फरक राहिला. ब्लॉक ठरवायचं खातं, फड ठरवायचं गाव.

इंग्रजांनी पण फडाला फारसा हात लावला नव्हता. १८७९ चा जो मुंबई इरिगेशन ॲक्ट होता त्यात पुढे अशा जुन्या लोकांच्या कामांसाठी दुसऱ्या वर्गाची पाटबंधारे कामं म्हणून वेगळी तरतूद होती, हक्कांची नोंद ठेवायची सोय होती. त्यामुळे कायद्याने फड मारला असं म्हणता येत नाही.

मग मेला कशाने? पूर्णपणे मेला असं पण नाही, काही गावांत पाट अजून वाहतात, पण जसा मी सांगितला तसा तो आता शोधावा लागतो. कारणं बरीच आहेत, मला त्यातलं विहिरीचं कारण सगळ्यात मोठं वाटतं. वीज आली, विहिरीवर मोटर बसली, आणि ज्याच्याकडे विहीर त्याला गावाच्या पाळीची गरज उरली नाही. त्याच्या एक एकरात त्याला कांदा घ्यायचाय, गाव म्हणतं गहू, तो म्हणतो पाणी माझं आहे. आणि विहिरीत पाणी कुठून येतं? पाटातून मुरलेलंच की! पण ते कोणाला दिसत नाही. कसमादेपासून (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) साक्रीपर्यंत कांद्याने लोकांना पैसा दाखवला हे पण खरं, एका सिझनला घर बांधून झालं अशी उदाहरणं आहेत, आणि एका सिझनला ट्रॅक्टर विकावा लागला अशी पण. अशा माणसाला तू गहूच लाव म्हणून कोण सांगणार? मी तर नाही सांगू शकत.

दुसरं म्हणजे वर झालेली धरणं. पांझरेवर लाटीपाडा, कानवर मालनगाव, खाली अक्कलपाडा. धरण वाईट असं माझं म्हणणं नाही, धुळे शहराला पाणी प्यायचंय. पण पूर्वी नदी हिवाळाभर आपल्या धारेने वाहायची आणि बंधारा ती धार उचलायचा. आता पाणी वर अडतं आणि आवर्तनाने सुटतं, म्हणजे कधी सोडायचं हे ऑफिसात ठरतं. दगड बघून सांगणाऱ्या म्हाताऱ्याची विद्या एका झटक्यात निकामी झाली, कारण नदीची धार आता पावसाचं काही सांगत नाही, ती मीटिंगचं सांगते. शिवाय पाण्यासाठी नमुना नंबर ७ भरा, प्रत्येकाने आपला आपला. जिथे गावाचा एक हक्क होता तिथे पन्नास अर्जदार झाले. मामा एकदा असा अर्ज घेऊन तीन चकरा मारून आला, साहेब जागेवर नव्हते, त्याचं त्याला एवढं वाईट वाटलं नाही जेवढं अर्जातला पिकाचा रकाना बघून वाटलं. म्हणे, हे मला एकट्याला काय विचारतात.

वाळूचं तर बोलायलाच नको. पात्रातली वाळू गेली की पात्र खोल जातं, पाटाचं तोंड मग वर लटकतं, पाणी चढत नाही. पुरात बंधाऱ्याला भगदाड पडलं तर पूर्वी गाव जमायचं, आता गाव आमदाराकडे निवेदन घेऊन जातं. आणि जमिनीची विक्री. फडाचं सगळं गणित प्रत्येकाचं प्रत्येक फडात काहीतरी आहे ह्यावर उभं आहे. ज्या दिवशी कोणाचं सगळं एकाच फडात झालं त्या दिवशी त्याला दुसरा फड भिजला काय आणि नाही काय, सारखंच. तो बैठकीत भांडणारच. आपल्याकडे तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा आहे, त्या कायद्याच्या नजरेने बघितलं तर आजोबांची जमीन म्हणजे आजार. बाकी ठिकाणी तो बरोबर पण असेल, ट्रॅक्टर वळवायला तरी जागा पाहिजे ना. पण पाटाखालचा तुकडा आणि कोरडवाहू तुकडा ह्यात फरक असतो हे कोणी बघायला आलं नाही.

सरकारने २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा केला, पाणी वापर संस्था काढायच्या, संस्थेने पाणी मोजून घ्यायचं आणि आपसात वाटायचं. चांगलं आहे, नाशिककडे वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांनी ते त्याच्या आधीपासून करून दाखवलंय. आमच्याकडे त्यावर ट्रेनिंग झालं तेव्हा शिकवायला आलेला तरुण स्लाइडवर दाखवत होता की शेपटाच्या शेतकऱ्याला न्याय कसा द्यायचा. मागे एक म्हातारा बसला होता, त्याने विचारलं, शेपटाचा म्हणजे कोण? त्याला खरंच कळलं नव्हतं. त्याचं एक वावर शेपटाला होतं आणि एक मुखाला.

मामाने यंदा शिवेचा तुकडा विकायला काढलाय, पोरीच्या लग्नासाठी. गिऱ्हाईक धुळ्याचं आहे, पैसा रोख देतोय, पण त्याचं म्हणणं की एवढ्याशा एक एकराचं मी काय करू, तुमचे बाकीचे तीन पण इथेच लागून असतील ना?